दिव्यातला लाल रंग

दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला आपण नावे ठेवतो. घर रंगवायला आलेला रंगारी डब्यात टर्पेंटाइन ओतू लागला, की आपण दारात उभे राहून पाहतो. पातळ म्हटले, की कुठेतरी हात मारला गेला, अशी आपली पक्की समजूत असते. पण रंगांची एक जात अशी आहे, की ती दाट लावली तर हटकून बिघडते, आणि पातळ करून, थांबत थांबत, पुन्हा पुन्हा लावली तरच खुलते. मोटारीच्या मागचा लाल दिवा, वळताना लुकलुकणारा नारिंगी दिवा, धुरकट काचेची खिडकी, या गोष्टी छोट्या प्रतिकृतीवर उतरवायच्या तर हाच रंग लागतो. शास्त्राच्या भाषेत तो अर्धपारदर्शक अ‍ॅक्रिलिक रंग. दुकानात मागायचा झाला तर 'क्लिअर रेड', 'क्लिअर ऑरेंज' असे म्हणावे लागते. हा रंग पातळ का करायचा, कशाने करायचा आणि कसा लावायचा, एवढेच आज पाहायचे आहे.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात हा विषय नुसत्या हौसेचा राहत नाही. टेल्कोने १९६६ साली इथे पाय रोवले. बजाजची चेतक १९७२ साली आली आणि आकुर्डीचे नाव घरोघर पोहोचले. टाटांची सिएरा १९९१ साली आली. २००९ साली चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. आता पाहा, गाडी कारखान्याच्या फाटकाबाहेर पडली, की ती जगाची होते. ज्याने पंचवीस-तीस वर्षे लाइनीवर उभे राहून तिचे नट आवळले, त्याच्या हाती काय राहते? आणि गाड्याही काही अमर नसतात. २००९ च्या डिसेंबरात बजाजने स्कूटरचा धंदाच सोडत असल्याचे जाहीर केले. २०२० पासून चेतक हे नाव पुन्हा रस्त्यावर आले, पण ते विजेवर चालणाऱ्या वेगळ्याच गाडीचे. १९९१ ची सिएराही आता रस्त्यात क्वचितच दिसते. अशा वेळी प्लॅस्टिकचा पत्रा कापून, चाके घासून, निवृत्त माणूस आपल्या गाडीची वीतभर प्रतिकृती करायला बसतो, तेव्हा ते खेळणे नसते. घरच्या मंडळींना, नातवंडांना 'हे आम्ही केलं' म्हणून दाखवायचा तो एक दाखला असतो. दाखला म्हटला की तो खरा दिसला पाहिजे. आणि प्रतिकृती खरी की खोटी हे पुष्कळदा तिच्या दिव्यांवरून ठरते. सगळी गाडी मापात बसली, पण मागचा दिवा कुंकवाच्या बोटासारखा लाल ठिपका दिसला, की पाहणारा लगेच म्हणतो, 'वा, खेळणं छान आहे!'

तो ठिपका ठिपका का दिसतो? कारण तिथे झाकणारा रंग लावलेला असतो. भिंतीचा, दाराचा, गाडीच्या पत्र्याचा नेहमीचा रंग झाकण्यासाठीच बनविलेला असतो. अशा कितीतरी रंगांत टायटॅनियम डायऑक्साइड नावाची पांढरीशुभ्र पूड असते. प्रकाश वाकविण्याची तिची शक्ती, म्हणजे वक्रीभवनांक, सुमारे २.७ आहे, आणि तिला धरून ठेवणाऱ्या अ‍ॅक्रिलिक राळेचा सुमारे १.५. दोहोंत इतके अंतर पडल्यामुळे आत शिरलेला प्रकाश कणाकणावर आपटून परत फिरतो, खाली पोहोचतच नाही. म्हणून खालची भिंत दिसत नाही. अर्धपारदर्शक रंगात अशी पूड घालतच नाहीत. त्यात राळेत विरघळलेला रंग असतो किंवा प्रकाशाला न अडविणारे अतिशय बारीक कण असतात. प्रकाश त्यातून खाली जातो, तळावर आपटतो आणि त्याच वाटेने वर येतो. जाता-येता रंग त्यातला आपल्याला नको तो भाग शोषून घेतो. पत्र्यावरचा रंग हे पांघरूण म्हटले, तर हा रंग म्हणजे गाळणी. यात चमचाभर पांढरा रंग मिसळला, की गाळणीचे पांघरूण झालेच म्हणून समजा.

याचा अनुभव आपण दर दिवाळीला घेतो. आकाशकंदिलाला लाल जिलेटीनचा कागद लावतो. एक पदर लावला तर उजेड गुलाबीकडे झुकतो, दोन लावले तर लाल, तीन लावले तर गडद. पिवळ्यावर निळा पदर आला, की हिरवा उजेड पडतो. आणि जिथे दोन कागद एकमेकांवर चिकटवलेले असतात तिथे एक काळपट पट्टा उमटतो. रंगाच्या बाटलीतले सगळे शास्त्र या कंदिलात आहे. रंगाची छटा थरांच्या जाडीवर अवलंबून राहते, खाली काय आहे यावर अवलंबून राहते, आणि थर जिथे जास्त पडेल तिथे डाग दिसतो.

याचे गणितही सोपे आहे. इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारख्यालाही ते झेपते. लाल रंगाचे काम म्हणजे हिरवा-निळा प्रकाश अडविणे. समजा, एका थरातून असा प्रकाश निम्मा पार होतो. कंदिलाप्रमाणे दिवा मागे असेल तर तो थर एकदाच ओलांडायचा. म्हणजे निम्मा उरला. पण खाली चंदेरी तळ असेल तर प्रकाश आत जातो आणि परत येतो, म्हणजे दोनदा गाळला जातो: उरला एक चतुर्थांश. दोन थरांना एक सोळांश, तीन थरांना एक चौसष्टांश. म्हणून हातात धरून खिडकीसमोर पाहिलेली काच फिकट वाटते आणि तीच गाडीत चंदेरी तळावर बसविली, की एकदम गडद होते. पुष्कळांची निराशा होते ती इथेच. छटा जोखायची ती नेहमी तळासकट.

तळ चंदेरीच का, हे सोनाराला विचारा. खड्याखाली तो पातळ चकचकीत पत्रा बसवतो, तेव्हा खडा पेट घेतल्यासारखा दिसतो. मोटारीच्या खऱ्या दिव्यातही लाल काचेमागे चकचकीत परावर्तक असतोच. काळ्या तळावर हाच लाल रंग दिला तर तो काळाच दिसेल, कारण खालून परत येणारे काही नाही. पांढऱ्या तळावर तो स्वच्छ, पण थोडा सपाट दिसतो. पिवळसर सोनेरी तळावर उबदार होतो. म्हणून दिव्याची खोबण आधी चंदेरी रंगवावी, ती पुरती वाळू द्यावी, आणि मगच लाल बाटली उघडावी.

आता एक गंमत पाहा. दिव्याची जी 'काच' आपण म्हणतो ती आज काच नसते. वाहनांच्या मागच्या दिव्यांची आवरणे बहुधा अ‍ॅक्रिलिक प्लॅस्टिकची असतात. म्हणजे रस्त्यावरचा खरा दिवा आणि आपल्या बाटलीतला रंग एकाच घराण्यातले. तरीही लहान आकारात दोघांचे वागणे सारखे नाही. खऱ्या गाडीवरचा १२ सेंटिमीटर रुंद दिवा १:२४ या प्रमाणात ५ मिलिमीटरचा होतो, तुरीच्या दाण्याएवढा. त्याचे आवरण मुळात ३ मिलिमीटर जाड असेल तर प्रतिकृतीत ते एक अष्टमांश मिलिमीटर भरेल. तेच लाल प्लॅस्टिक इतके पातळ तासले तर ते जेमतेम गुलाबी दिसेल. लांबी-रुंदी चोविसाव्या हिश्शाने कमी करता येते. प्रकाश काही आपल्या प्रमाणपट्टीला जुमानत नाही. म्हणून प्रतिकृतींच्या रंगात लाली मुद्दाम तीव्र ठेवलेली असते. तीव्र असल्यामुळे थरातला केसभर फरकही डोळ्यांत भरतो, कडेला साचलेला थेंब काळा दिसतो, मधला भाग उघडा पडतो.

पातळ करण्याचे कारण नेमके इथे आहे. थिनर उडून जातो. मागे राहते ती रंगाची थोडीशी मात्रा. एका दाट थरात जी चूक एकदाच आणि मोठी होते, ती पाच पातळ थरांत पाच लहान चुकांत वाटली जाते, आणि त्या एकमेकींना बव्हंशी झाकून घेतात. शिवाय दर थरानंतर थांबून पाहता येते. हवी ती छटा आली, की हात आखडायचा. दाट रंगाला ही सोय नाही. एकदा गडद झाला, की तो उजळ करण्याचा उपाय एकच: पुसून पुन्हा सुरुवात.

कशाने पातळ करायचे, याला मात्र नियम आहे, आणि तो बाटलीच्या जातीवर ठरतो. अ‍ॅक्रिलिक रंगांची दोन कुळे आपल्याला भेटतात. पहिले कुळ पाण्यातले. चित्रकलेच्या दुकानात ट्यूबमधून किंवा बरणीतून मिळणारे रंग या कुळातले. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे कॅमलिन या नावाने शाळाशाळांत पोहोचलेल्या उद्योगाचे अ‍ॅक्रिलिक रंग पुष्कळांच्या परिचयाचे आहेत. या रंगात राळेचे सूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले, की ते एकमेकांना चिकटून पापुद्रा तयार होतो. पाणी बेसुमार घातले तर हे गोळे दूर दूर पडतात, पापुद्रा कच्चा राहतो आणि रंग कडेला वाहून जाऊन ओल्या कपाने टेबलावर सोडलेल्या चहाच्या वर्तुळासारखे कडे उमटते. म्हणून थोडे पाणी चालेल. त्यापुढे त्या रंगासाठीच मिळणारे पारदर्शक माध्यम घालावे. माध्यम म्हणजे रंगाशिवायची राळच, त्यामुळे छटा फिकी होते पण पापुद्रा मजबूत राहतो. ट्यूब घेताना तो रंग पारदर्शक जातीचा आहे ना, एवढे पाहून घ्यावे. सगळेच तसे नसतात.

दुसरे कुळ मद्यार्कातले. जपानमधील शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीच्या छोट्या बाटल्या आपल्याकडील हौशी लोक वापरतात, त्या या कुळातल्या. लालसाठी एक्स-२७, नारिंगीसाठी एक्स-२६, हिरव्यासाठी एक्स-२५, पिवळ्यासाठी एक्स-२४, निळ्यासाठी एक्स-२३ आणि धुरकट काचेसाठी एक्स-१९, असे त्यांचे क्रमांक आहेत. यांना त्यांचाच एक्स-२०ए हा थिनर उत्तम. तो नसेल तर औषधाच्या दुकानातले आयसोप्रोपिल अल्कोहोल वेळ मारून नेते, पण रंग फार लवकर वाळवते. नखांचा रंग काढायचे द्रव मात्र जवळही आणू नये. त्यात बहुधा अ‍ॅसिटोन असतो, आणि तो प्रतिकृतीचे पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकच विरघळवतो. गॅरेजमधल्या गाडीरंगाच्या कडक थिनरचीही तीच भीती. एका कुळाचा थिनर दुसऱ्या कुळात घातला तर रंग फाटतो, नासलेल्या दुधासारखा. म्हणून आधी वाटीत दोन थेंबांवर प्रयोग करावा, बाटलीत कधीच नाही.

प्रमाण किती? बाटलीतला क्लिअर रंग काकवीसारखा असतो. ब्रशने लावायचा तर दोन भाग रंगाला एक भाग थिनर हे सुरुवातीला ठीक. एअरब्रशने उडवायचा तर एका भागाला एक ते दोन भाग थिनर घालावा; तो साय काढलेल्या दुधासारखा वाहिला पाहिजे. पण आकड्यांपेक्षा वाटीवर भरवसा ठेवावा. काडीने एक थेंब वाटीच्या कडेला वर चढवावा आणि सोडावा. मागे सलग, फिकट पडदा ठेवून तो शांतपणे खाली उतरला तर रंग तयार आहे. अडखळत उतरला तर दाट आहे. मागे काहीच न ठेवता धावला तर पातळ झाला.

गाडीवर हात टाकण्यापूर्वी छटांची पट्टी करून ठेवावी. तिला पैसे पडत नाहीत. औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी घ्या. तिचे पारदर्शक फुगे म्हणजे आयत्या दिव्याच्या काचा. पाठीमागचा फाटलेला चंदेरी कागद काढून टाका आणि तिथे सपाट चंदेरी कागद धरा, की परावर्तकही झाला. पहिल्या फुग्याला एक थर, दुसऱ्याला दोन, असे सहापर्यंत जा. वाळल्यावर ती पट्टी दिवसाच्या उजेडात, हातभर अंतरावरून पाहा आणि रस्त्यावरच्या उभ्या गाडीच्या दिव्याशी ताडून बघा. लहान वस्तू डोळ्याला मुळापेक्षा गडद वाटते, असा अनुभव असल्यामुळे जुने हात एक थर कमीच ठेवतात.

ब्रशने लावताना दिव्याची बाजू आडवी, छताकडे तोंड करून ठेवावी. मऊ ब्रश भरून घ्यावा, थेंब मध्यभागी टेकवावा आणि तो आपोआप कडेपर्यंत पसरू द्यावा. कडेला टाचणीच्या टोकाने हाक दिली तरी पुरे. एकदा पसरलेल्या रंगावरून ब्रश फिरवायचा मोह टाळावा. अर्धवट वाळलेल्या पापुद्र्यावर ब्रश गेला, की चरे पडतात आणि ते कायमचे राहतात. मद्यार्काच्या रंगात दुसरा थर पहिल्याला सोडवू पाहतो, म्हणून ब्रशच्या दोन थरांमध्ये एक रात्र जाऊ द्यावी. वरून वाटी उपडी घालावी, म्हणजे धूळ बसत नाही. काचेचा सुटा भाग पारदर्शक असेल तर रंग आतल्या बाजूने द्यावा. बाहेरची चकाकी अभंग राहते.

एअरब्रशला दाब थोडा पुरतो. कॉम्प्रेसरच्या काट्यावर १ ते १.४ किलो, म्हणजे चाकात भरतो त्यापेक्षा कमीच. नळी ८ ते १० सेंटिमीटर दूर धरावी. पहिला थर नुसता धुक्यासारखा असावा. त्याने रंग दिसायचा नाही, पण पुढच्या थराला धरायला जागा होते. मग दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने पातळ थर द्यावेत आणि शेवटचा थोडा ओला, म्हणजे तो स्वतःच सपाट होतो. फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा. मोटारसायकलच्या टाकीसारखा मोठा भाग चंदेरीवर लाल करायचा असेल तर याला फार महत्त्व आहे, कारण दोन फवाऱ्यांचे पट्टे जिथे एकमेकांवर चढतात तिथे आकाशकंदिलाचा तोच काळपट पट्टा हजर होतो. मास्किंग टेपच्या काठालाही रंग साचतो. टेप काढताना तो अर्धा वाळलेला असावा आणि टेप स्वतःवर दुमडून हळू ओढावी.

सिएराच्या मागच्या बाजूला छतापर्यंत वळलेली मोठी काच होती. तिच्या प्रतिकृतीत एक्स-१९ चा धूर हीच खरी परीक्षा. मोठ्या वक्र काचेवर हा ब्रशने कधीच सारखा बसत नाही. पातळ करून, आतून, दोन-तीन फवारे, आणि बस्स. आतली आसने जेमतेम ओळखू आली पाहिजेत. दिसेनाशी झाली तर थर जास्त झाला.

हवेचाही विचार हवा. श्रावणात हवा ओली असते. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि स्वच्छ लाल रंगावर दुधाळ सावट येते. भर पावसाच्या दिवशी क्लिअर रंगाला हात लावू नये हे उत्तम. वैशाखात उलट होते. चाकणच्या उन्हात, पत्र्याच्या खोलीत, रंग काचेवर पोहोचण्याआधीच वाटेत वाळतो आणि रेतीसारखा खरखरीत बसतो. तेव्हा थिनर थोडा वाढवावा किंवा सकाळी लवकर कामाला बसावे. रंगविलेली गाडी खिडकीच्या उन्हात मांडू नये. विरघळलेले रंग, त्यातही लाल, उन्हाने उडतात.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगायची. आपल्या घरांत हौसेला वेगळी खोली नसते. स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी किंवा देवघरापाशीच बैठक पडते. मद्यार्काची वाफ पेट घेते. समई, उदबत्ती, गॅस विझवल्याशिवाय बाटली उघडू नये. खिडकी उघडी असावी, आणि फवारायचे असेल तर रासायनिक वाफ अडविणारा मुखवटा असावा; साधा कापडी रुमाल धूळ अडवतो, वाफ नाही. कारखान्याच्या रंगशाळेत मुखवट्याशिवाय कोणाला उभे करत नाहीत. घरी आल्यावर फुप्फुसे काही वेगळी होत नाहीत. जवळ बसून पाहणाऱ्या नातवाची तर अजून कोवळी आहेत.

एवढे सगळे तुरीच्या दाण्याएवढ्या दिव्यासाठी कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या गाडीचे सुटे भाग आता भंगारच्या दुकानातही मिळत नाहीत, तिची आठवण कुणाच्या तरी शोकेसमध्ये वीतभर जागेत राहणार आहे. पत्र्याचा रंग तिचा आकार सांगेल, बिल्ला तिचे नाव सांगेल. ती कधीकाळी संध्याकाळच्या गर्दीत पुणे-मुंबई रस्त्यावर ब्रेक लावून उभी राहत होती, हे सांगायचे काम त्या दिव्याकडे आहे. त्यासाठी रंग पातळ करा, थोडा थोडा लावा, आणि दोन थरांमध्ये घाई करू नका.